दरडोई कार्बन उत्सर्जन : युरोपातील देशांच्या रेघा १९९० पासूनच का वाचायच्या?

धागाकर्ता : वातकुक्कुट

युरोपातील देशांच्या दरडोई कार्बन उत्सर्जनाची चर्चा निघाली की बहुतेक वेळा एकच तक्ता पुढे येतो. पहिल्या रकान्यात १९९० चा आकडा, दुसऱ्यात अलीकडच्या एखाद्या वर्षाचा आणि तिसऱ्यात घट किती टक्के झाली ते. उत्सर्जन कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराने १९९० हे पायाभूत वर्ष मानले, म्हणून ही पद्धत पडली. या तक्त्यात ब्रिटन आणि जर्मनी पहिल्या बाकावर बसतात, फ्रान्स मधल्या रांगेत राहतो आणि नॉर्वे जवळजवळ नापास होतो. हाच आलेख १९७० पासून काढला तर गुणानुक्रम पार बदलतो, आणि कोणाची घट कशामुळे झाली हेही बरेच स्पष्ट दिसू लागते. त्यासाठी हा धागा काढत आहे. खालील सर्व आकडे माणशी दर वर्षी किती टन कार्बन डायऑक्साइड या हिशेबाचे आणि ढोबळ आहेत. त्यांत जीवाश्म इंधने आणि सिमेंट एवढेच धरले आहे. जंगले, शेती आणि मिथेन धरलेले नाहीत.

आधी स्वीडन घेऊ. १९७० मध्ये स्वीडिश माणसामागे साडेअकरा टनांच्या आसपास उत्सर्जन होते, म्हणजे आजच्या जर्मन माणसापेक्षा कितीतरी अधिक. त्या वेळी देशाच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा आयात तेलाचा होता आणि घरेदेखील तेलावर तापत. स्वीडनने १९७२ ते १९८५ या काळात बारा अणुभट्ट्या चालू केल्या, नद्यांवरील वीज आधीपासून होतीच, आणि तेलाचे भाव भडकल्यावर शहरांमध्ये घरोघरी गरम पाणी खेळवणारे सामायिक नळ पसरवले. १९९० पर्यंत आकडा पावणेसातवर आला होता. स्वीडनचा प्रसिद्ध कार्बन कर १९९१ मध्ये आला, म्हणजे ही एवढी उतरंड संपल्यानंतर.

फ्रान्सची गोष्ट तशीच, फक्त अधिक एकमार्गी. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पियेर मेस्मेर यांनी अणुऊर्जेचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला. त्यामागे हवामानाची काळजी नव्हती. देशात तेल नाही, कोळसा संपत आला आहे आणि अरब राष्ट्रांनी तेल रोखले तर काय करायचे, ही धास्ती होती. १९७९ मध्ये पावणेदहा टनांच्या घरात असलेले दरडोई उत्सर्जन त्यानंतरच्या दहाएक वर्षांत सातपर्यंत उतरले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशाची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली. मग १९९० पासून २००५ पर्यंत ही रेघ जवळजवळ आडवी आहे. विजेतून कमी करण्यासारखे काही उरलेच नव्हते; उरल्या होत्या मोटारी, मालट्रक, घरांतले गॅसचे बंब आणि कारखाने. १९९० च्या तक्त्यात फ्रान्स सुस्त दिसतो तो यामुळे. ज्याने परीक्षेच्या आधीच निम्मा अभ्यास उरकला, त्याला परीक्षेच्या आठवड्यात किती पाने वाचलीस असे विचारण्यासारखे हे आहे.

जर्मनीच्या बाबतीत नेमके उलट घडले. १९९० चा तेरा टनांहून अधिक असलेला आकडा एकत्रित जर्मनीचा आहे, म्हणजे त्यात पूर्व जर्मनीचा लिग्नाइट धरलेला आहे. तो देश वर्षाला तीस कोटी टनांच्या आसपास हा तपकिरी, ओलसर, कमी उष्णतेचा कोळसा खणत असे. वीज, घरांची ऊब आणि रसायनांचे कारखाने, सारे काही त्यावर चाले. एकीकरणानंतर ते कारखाने दोनतीन वर्षांत बंद पडले आणि लाखो माणसे बेकार झाली. रेघ झपाट्याने खाली आली, पण तिला धोरणाचे यश म्हणणे धाडसाचे ठरेल.

पोलंडचे तर पायाभूत वर्षच वेगळे आहे. क्योटो करारात त्याला १९८८ हे वर्ष मिळाले, कारण १९९० पर्यंत अर्धी पडझड होऊन गेली होती. १९८७ च्या सुमारास बारा टनांच्या वर असलेला आकडा १९९० मध्ये दहाच्या आत आला आणि २००२ च्या सुमारास आठवर. त्यानंतर वीस वर्षे तो आठ-नऊच्या मध्येच घुटमळत राहिला.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या रेघा मुख्यतः तेव्हा वाकतात जेव्हा एखादा देश वीज आणि ऊब यांसाठी काय जाळायचे ते बदलतो. आणि हा बदल बहुतेक वेळा हवामानाचा विचार करून झालेला नाही. म्हणून टक्क्यांच्या रकान्यावरून कोणाला शाबासकी देण्याआधी रेघ कोठून सुरू केली आहे ते पाहावे.

---

प्रतिसाद : निशिगंध

मांडणी आवडली, पण ती एका बाजूला झुकली आहे असे वाटते. स्वीडनचा आकडा १९७० ते १९९० मध्ये साडेअकरावरून पावणेसातवर आला हे खरे; पण १९९० नंतर तो साडेतीनच्या आसपास आला आहे, म्हणजे टक्क्यांत मोजले तर उतार पूर्वीपेक्षा कमी नाही. आणि या दुसऱ्या उतारात नव्या अणुभट्ट्या नाहीत, उलट बार्सेबेक येथील अणुकेंद्राच्या दोन्ही बंद झाल्या. तेव्हा जे घडले ते त्या गरम पाण्याच्या नळांच्या दुसऱ्या टोकाला घडले. पाणी गरम करणाऱ्या केंद्रात पूर्वी तेल आणि कोळसा जळत असे. टनामागे २५० क्रोनर या दराने कर सुरू झाला आणि पुढे तो अनेक पटींनी वाढला, तेव्हा लाकूडकामातला भुसा, फांद्या आणि शहरातला कचरा जाळणे स्वस्त पडू लागले. नळ तेलाच्या धास्तीने टाकले गेले असतील, पण त्यांत काय गरम करायचे ते कराने ठरवले.

ब्रिटनचा तुम्ही उल्लेखच केला नाही, आणि तुमच्या सिद्धान्ताला सर्वांत अडचणीचा देश तोच आहे.

---

प्रतिसाद : वातकुक्कुट

ब्रिटन लांबेल म्हणून मागे ठेवला होता. आता लिहितो.

ब्रिटनची रेघ दोन पायऱ्यांची आहे. १९७१ मध्ये पावणेबारा टनांच्या आसपास, १९९० मध्ये साडेदहा, आणि २०२३ मध्ये साडेचारच्या जवळ. पहिली पायरी नव्वदच्या दशकातली. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून निघाला होता, वीज खाजगी कंपन्यांकडे गेली आणि उत्तर समुद्रातला गॅस हाताशी होता. नव्या मालकांना कमी माणसांत, कमी वेळात उभी राहणारी गॅसकेंद्रे परवडत होती. विजेतला गॅसचा वाटा दहा वर्षांत नगण्य पातळीवरून चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. हेतू नफ्याचा आणि राजकारणाचा. उत्सर्जन कमी झाले ते जाता जाता.

दुसऱ्या पायरीबाबत मात्र निशिगंध यांच्याशी सहमत व्हावे लागते. २०१२ मध्ये ब्रिटनची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच होती. २००८ च्या हवामान कायद्याने सरकारला पंचवार्षिक मर्यादा घालून दिल्या होत्या, आणि २०१३ मध्ये वीजकेंद्रांसाठी कार्बनची किमान किंमत ठरवली गेली. युरोपच्या बाजारात तेव्हा उत्सर्जनाचे परवाने अगदी स्वस्त होते, त्यांवर ब्रिटनने आपला अधिभार चढवला. कोळशाचे गणित कोलमडले. सात वर्षांत त्याचा वाटा दोन टक्क्यांवर आला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचे केंद्र बंद झाले. लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर १८८२ मध्ये कोळशावरची सार्वजनिक वीज सुरू झाली होती, तो १४२ वर्षांचा अध्याय तेथे संपला. समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही या उताराचे श्रेय आहे. तेव्हा माझ्या विधानातला ‘बहुतेक वेळा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, असे म्हणून सुटका करून घेतो.

---

प्रतिसाद : पाणकावळा

सुटका इतक्या सहज मिळणार नाही. ब्रिटनच्या साडेचार टनांत परदेशातून आलेल्या वस्तूंचे उत्सर्जन नाही. कारखाना शेफिल्डहून शेन्झेनला गेला की ब्रिटनची रेघ उतरते आणि चीनची चढते. पातेले मात्र लंडनच्याच स्वयंपाकघरात असते. उपभोगाच्या हिशेबाने पाहिले तर सर्वांत मोठा धक्का स्वित्झर्लंड देतो. भूप्रदेशाच्या हिशेबात तो माणशी चार टनांवर आहे, कारण वीज धरणांची आणि अणुभट्ट्यांची, आणि जड उद्योग फारसे नाहीत. आयात वस्तू धरल्या की हाच आकडा जवळजवळ तिप्पट होतो.

लाकडाचेही तसेच. यॉर्कशायरमधील ड्रॅक्स हे केंद्र पूर्वी कोळसा जाळत असे, आता अमेरिकेतून जहाजाने आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळते. नियमानुसार हे उत्सर्जन झाड तोडले त्या देशाच्या जंगलाच्या खात्यात जाते, म्हणून धुराड्यापाशी ब्रिटनच्या वहीत शून्य लिहिले जाते. निशिगंध यांच्या स्वीडिश फांद्या निदान शेजारच्या जंगलातल्या तरी आहेत.

---

प्रतिसाद : निशिगंध

आयातीचा मुद्दा मान्य. पण त्यावरून ‘युरोपची घट म्हणजे फसवणूक’ असा जो निष्कर्ष अनेकदा काढला जातो, तो टिकत नाही. ब्रिटनचे उपभोगाधारित उत्सर्जनही २००७ च्या सुमारास शिखरावर जाऊन त्यानंतर उतरलेले आहे. दोन्ही रेघांतले अंतर मोठे आहे, परंतु दिशा एकच आहे. कोळशाऐवजी वाऱ्यावर तयार झालेली वीज परदेशात ‘हलवलेली’ नसते.

---

प्रतिसाद : तारांगण

मी विद्युत पारेषणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या सगळ्या रेघांतली माझी आवडती रेघ डेन्मार्कची आहे. तीत १९९६ या एका वर्षी सुळका दिसतो. दरडोई आकडा चौदा टनांच्या आसपास गेला आणि पुढच्याच वर्षी दीड-दोन टनांनी खाली आला. डॅनिश लोकांनी त्या वर्षी काही वेगळे केले नव्हते. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये पाऊस व बर्फ कमी पडले, धरणे रिकामी राहिली, आणि शेजाऱ्यांचे दिवे पेटते ठेवण्यासाठी डेन्मार्कची कोळशाची केंद्रे रात्रंदिवस धडधडली. धूर डेन्मार्कच्या नावावर जमा झाला. तेथील ऊर्जा खाते म्हणूनच विजेची देवघेव आणि हिवाळ्याच्या कडाक्याचा परिणाम वजा करून एक ‘दुरुस्त’ आकडाही प्रसिद्ध करते, आणि त्यात हा सुळका विरघळून जातो.

२०२२ मध्ये हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडले. फ्रान्समधील अनेक अणुभट्ट्यांच्या नळांत गंजामुळे भेगा आढळल्या, त्या तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या, आणि १९८० नंतर प्रथमच फ्रान्सने वर्षभरात विकली त्यापेक्षा जास्त वीज विकत घेतली. ब्रिटन त्या वर्षी विजेचा निर्यातदार झाला. म्हणजे पॅरिसच्या हिवाळ्यासाठी ब्रिटनमध्ये जळलेल्या गॅसचा धूर ब्रिटिश माणसाच्या डोक्यावर मोजला गेला. तारांनी जोडलेल्या खंडात एकेका देशाची रेघ एकेका वर्षापुरती वाचणे धोक्याचे असते. निदान पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

---

प्रतिसाद : उंबरठा

लाइपझिगमध्ये राहून आता नऊ वर्षे झाली, म्हणून पूर्व जर्मनीबद्दल दोन शब्द. आमच्या इमारतीतील वृद्ध शेजारीण सांगतात की त्यांच्या तरुणपणी तळघरात लिग्नाइटच्या विटा रचलेल्या असत, सकाळी उठून आधी राख काढायची आणि मग चूल पेटवायची, आणि खिडकीत वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी करडे होऊन आत येत. त्या इमारतीत आज नळाने येणारे गरम पाणी आहे. ‘धोरणाचे यश म्हणणे धाडसाचे’ हे वाक्य मला म्हणून थोडे खटकले. कारखाने बाजारामुळे बंद पडले, ते खरे. परंतु घरांच्या भिंतींना अस्तर लावणे, चुली काढून टाकणे आणि केंद्रे नव्याने बांधणे यांवर एकत्रित जर्मनीने प्रचंड सार्वजनिक पैसा ओतला. तोही त्या रेघेत आहे.

जर्मनीवर टीका करायचीच असेल तर ती पुढच्या टप्प्यावर करावी. २००० मध्ये अक्षय ऊर्जेचा कायदा आला, पवनचक्क्या आणि सौर पटले देशभर उभी राहिली आणि आता निम्म्याहून अधिक वीज अक्षय स्रोतांची आहे. पण याच काळात तीस टक्क्यांच्या आसपास वीज देणाऱ्या अणुभट्ट्या एकेक करून बंद करण्यात आल्या. शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ रोजी. कोळशाला मात्र २०३८ पर्यंतची मुदत. म्हणजे नव्या स्वच्छ विजेचा मोठा भाग जुन्या स्वच्छ विजेची जागा भरण्यात खर्ची पडला. क्रम उलटा असता तर आज सातच्या आसपास असलेला आकडा बराच खाली असता, असे माझे मत आहे. येथे ऑफिसात हे बोलले की चहा थंड होतो.

---

प्रतिसाद : पाणकावळा

चहा थंड होण्याचे कारण समजते. त्या देशाने चेर्नोबिलनंतर मुलांना वाळूत खेळू दिले नव्हते. त्या आठवणीचे वजन टनांत मोजता येत नाही. पण क्रमाबद्दल सहमत.

---

प्रतिसाद : सोनचाफा

चर्चा अंशाभोवतीच फिरते आहे. छेदाकडेही थोडे पाहू या. ‘दरडोई’ म्हटले की भागाकार आला, आणि भागाकारात लोकसंख्या हलली की रेघही हलते.

आयर्लंडची लोकसंख्या १९९० मध्ये पस्तीस लाख होती, २०२२ मध्ये एक्कावन्न लाखांहून अधिक. त्यामुळे २०२२ मध्ये देशाचे एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन १९९० पेक्षा अधिक असूनही दरडोई आकडा नऊहून अधिक टनांवरून साडेसातच्या आसपास उतरलेला दिसतो. लॅटव्हियात उलटे झाले. तेथून तरुण माणसे पश्चिमेकडे निघून गेली, लोकसंख्या सव्वीस लाखांच्या वरून एकोणीस लाखांच्या आसपास आली. एकूण उत्सर्जन जेवढे घटले तेवढे दरडोई घटलेले दिसत नाही, कारण वाटून घ्यायला माणसेच कमी राहिली. एकूण आणि दरडोई या दोन रेघा शेजारी ठेवल्याशिवाय या दोन देशांबद्दल काहीही बोलू नये. आयर्लंडबाबत आणखी एक गोष्ट म्हणजे गाईगुरांचे मिथेन धाग्याच्या हिशेबात नाही, आणि तेथे तो भाग फार मोठा आहे.

आणि लक्झेंबर्ग! १९७० मध्ये माणशी चाळीस टनांच्या आसपास. एवढ्याशा देशात पोलादाच्या भट्ट्या होत्या, त्यांचा सगळा धूर साडेतीन लाख माणसांत वाटला जाई. १९९७ मध्ये शेवटची झोतभट्टी विझली आणि पोलाद विजेच्या भट्टीत वितळू लागले, तेव्हा आकडा कोसळला. तरी तो आजही दहाच्या वर आहे, आणि त्याचे एक गमतीदार कारण म्हणजे पेट्रोल. कर कमी असल्याने जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमचे ट्रकवाले व रोज सीमा ओलांडून नोकरीला येणारी दोन लाखांहून अधिक माणसे तेथे टाकी भरतात. इंधन जेथे विकले गेले तेथे मोजायचे, हा नियम. मग धूर कोलोनच्या रस्त्यावर निघाला तरी खाते लक्झेंबर्गचे.

---

प्रतिसाद : दर्यावर्दी

नॉर्वेला धाग्यात ‘जवळजवळ नापास’ म्हटले आहे, त्याबद्दल. स्टाव्हांगरला कामानिमित्त चार वर्षे होतो. त्या देशाची वीज आधीपासूनच धरणांची, त्यामुळे कोळसा सोडून मिळणारी सोपी घट त्याच्या नशिबी कधी नव्हतीच. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या, तरी दरडोई रेघ आठवरून सातच्या आसपासच आली आहे. अडते कोठे, तर समुद्रातल्या तेल-गॅसच्या फलाटांवर. तेथे गॅस जाळून जनित्रे चालतात, आणि देशाच्या उत्सर्जनाचा चौथा हिस्सा या धंद्याचा आहे. गंमत अशी की तो गॅस पुढे जर्मनीत जळला की जर्मनीच्या खात्यात जातो. फलाटांपर्यंत किनाऱ्यावरून वीज नेण्याचे काम चालू आहे, आणि त्यावरून तेथे वाद आहेत, कारण त्यामुळे घरगुती वीज महागेल अशी लोकांना भीती वाटते.

---

प्रतिसाद : मधुमालती

एक प्रश्न. युरोपातला असा एखादा देश आहे का, जो या सगळ्यांसारखा उंचावरून उतरलेला नाही? भारताचा दरडोई आकडा दोन टनांच्या आसपास आहे. आपल्याला शिकण्यासारखे असलेच तर ते तेराहून सातवर येणाऱ्याकडून नव्हे, असे वाटते.

---

प्रतिसाद : वातकुक्कुट

आहे, पोर्तुगाल. त्याची रेघ टेकडीसारखी आहे आणि टेकडीही बेताचीच. १९८६ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश झाला, रस्ते झाले, मोटारी आल्या, कोळशावर सीनेशचे मोठे केंद्र चालू झाले. १९९० मधले साडेचार टन २००५ पर्यंत साडेसहावर गेले. स्पेन याच वाटेने आठच्या वर गेला होता, कारण तेथे बांधकामाची लाट मोठी होती आणि सिमेंटच्या भट्ट्या रात्रंदिवस चालत. पुढे पोर्तुगालमध्ये मंदी, वारा, धरणे आणि सौरवीज असे सारे एकत्र आले, २०२१ मध्ये सीनेश आणि पेगो ही कोळशाची दोन्ही केंद्रे बंद झाली, आणि आकडा चारच्या आसपास आला. मंदीत बेकार झालेल्यांच्या न वापरलेल्या पेट्रोलचाही त्यात वाटा आहे, हे विसरू नये. तरीही सातपर्यंत न जाता परत फिरलेला, पश्चिम युरोपातला तुलनेने कमी उत्पन्नाचा देश म्हणून त्याच्याकडे पाहण्यासारखे आहे.

उंबरठा यांची दुरुस्ती स्वीकारली; ‘धाडसाचे’ऐवजी ‘अपुरे’ म्हणायला हवे होते. तारांगण यांच्या सूचनेप्रमाणे १९७० पासूनचा आलेख पाच वर्षांच्या सरासरीने पुन्हा काढतो आहे. त्यात डेन्मार्कचा सुळका दिसेनासा होईल, म्हणून १९९६ साठी वेगळा ठिपका ठेवणार आहे. लक्झेंबर्ग मात्र वगळतो. चाळीस टनांना जागा करून दिली की बाकीचे देश तळाशी एकमेकांना चिकटतात आणि काहीच वाचता येत नाही.